शहरिसब्ज अर्ध्या तासाचं कसं झालं

नुकतीच उझबेकिस्तानला जाऊन आलेली काही मराठी मंडळी भेटली. समरकंदबद्दल भरभरून बोलली. शहरिसब्जचं विचारलं, तर म्हणाली, "दोन उंच खांब, एक पुतळा आणि भलीमोठी बाग. अर्ध्या तासात आटोपतं." त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण आज प्रवाशापुढे तेवढंच मांडून ठेवलं आहे. पण ज्या गावात कितीही राहिलं तरी माझा पाय निघत नसे, ते अर्ध्या तासात आटोपतं हे ऐकणं फार जड गेलं. जुलै २०१६ मध्ये इस्तंबूलच्या बैठकीत युनेस्कोने शहरिसब्जचं नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं. त्याला आता दशक होत आलं. त्या गावाचं काय केलं गेलं, हे आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

राजेरजवाड्यांचा इतिहास भराभर सांगून टाकतो, तो कुठल्याही माहितीपत्रकात मिळतो. गावाचं जुनं नाव केश. तैमूर १३३६ साली याच परिसरात जन्मला. पुढे सत्ता हाती आल्यावर त्याने इथे आक-सराय नावाचा राजवाडा बांधायला घेतला आणि ख्वारज्म जिंकून तिथले कारागीर आणून त्यावर राबवले. कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये इथे पोचला, तेव्हाही बांधकाम चालूच होतं. त्या राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचे दोन बुरूज उरले आहेत, सुमारे ३८ मीटर उंच, निळ्या-पांढऱ्या फरशीकामाचे तुकडे अंगावर मिरवणारे. ते म्हणजेच त्या मंडळींचे दोन खांब. जवळच तैमूरचा नातू उलुघ बेग याने बांधलेली कोक गुंबज मशीद आहे आणि तैमूरच्या थोरल्या मुलाची, जहांगीरची कबर आहे. मग कित्येक शतकं सामसूम, मग सोव्हिएत काळ आणि कापूस. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९९६ मध्ये तैमूरचा पुतळा उभा राहिला.

२००० साली मात्र महत्त्वाची गोष्ट घडली. युनेस्कोने शहरिसब्जला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि तो एकट्या राजवाड्याला किंवा मशिदीला नव्हे, गावाच्या जुन्या मध्यभागाला दिला. म्हणजे जुन्या वास्तूंच्या मधल्या गल्ल्या, मातीच्या भिंतींची घरं, मोहल्ले हे सगळं त्या वारशात धरलं होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मी या गावाच्या प्रेमात पडलो ते त्यानंतरच्या दशकात. तेव्हा तिथलं प्रवासाचं जग फार अवघड होतं. हॉटेलात राहिलं की नोंदणीची चिठ्ठी घ्यायची आणि देश सोडेपर्यंत प्रत्येक रात्रीची चिठ्ठी जपायची. सर्वांत मोठी नोट एक हजार सोमची, त्यामुळे शंभर डॉलर मोडले की पिशवी भरून जाई. समरकंदहून शहरिसब्ज ऐंशी-नव्वद किलोमीटर दक्षिणेला, मध्ये तख्ता-कराचाचा घाट. घाटातून बस जात नसे. नेक्सिया नाहीतर मातीझ गाडीत चारजण भरले की शेअर टॅक्सी निघायची. घाटमाथ्यावर बायका अक्रोड, सुके जर्दाळू आणि दह्याच्या खारट वाळवलेल्या गोळ्या, कुरुत, मांडून बसलेल्या असत. पलीकडे उतरलं की कोकराचं मांस आर्चा झाडाच्या फांद्या घालून तंदुरात भाजल्याचा वास यायचा.

गावात शिरल्यावर बुरूज लगेच दिसत नसत. आधी गल्ली लागे. दोन्ही बाजूंना चोपलेल्या मातीच्या, गिलावा केलेल्या भिंती, मधून वाहणारा पाण्याचा अरुंद पाट, पाटाच्या कडेला तुतीची झाडं. गल्ली वळली की भिंतींच्या वरून अचानक आक-सरायची निळाई डोकवायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा दिसेनाशी व्हायची. राजवाडा असा घरांच्या आडून, तुकड्यातुकड्याने भेटायचा. त्याची उंची कळायची ती शेजारच्या बसक्या घरांमुळेच.

अशाच एका घरात मी राहायचो. घराची आजीबाई सत्तरीची. सगळी गल्ली तिला खोला म्हणायची, म्हणजे मावशी, म्हणून मीही. दार उघडलं की आधी अंगण. द्राक्षाच्या मांडवाखाली लाकडी बैठक, कोपऱ्यात मातीचा तंदूर. जुलैच्या उन्हात रस्ता भाजत असताना त्या अंगणात बसवत असे, कारण हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि मांडवाची सावली. चहा हिरवा, बिनदुधाचा. खोला पहिली पियाली भरायची आणि परत किटलीत ओतायची, असं तीनदा. चौथ्यांदा माझ्या हाती द्यायची ती जेमतेम अर्धी भरून. पाहुण्याला पुनःपुन्हा चहा ओतायला मिळावा म्हणून पियाली अर्धीच भरायची, ही तिथली रीत. हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर आधी राज कपूर आणि मग मिथुन यांची चौकशी होई, आणि मगच माझी.

दुपारी ती दोप्पी भरायला बसे. दोप्पी म्हणजे चौकोनी टोपी. शहरिसब्जच्या दोप्पीवर आपल्या दुसूतीवर भरतात तसा बारीक फुलीचा टाका असतो, पण मुळातलं कापड सुईच्या टोकाएवढंही मोकळं सोडत नाहीत. लाल, हिरवा, पिवळा, निळा असे गच्च भरत जातात. टोपीच्या चारही बाजू अशा पुऱ्या व्हायला आठवडे लागत. शेजारणीही आपापलं काम घेऊन तिच्या अंगणात येत, एकमेकींचे टाके पाहत, चुकला की उसवायला लावत. मी जी कलाकुसर पाहिली ती याच अंगणात. संग्रहालयाच्या काचेमागे मला ती कधी एवढी कळली नाही.

त्या काळावर मी सोन्याचा मुलामा चढवणार नाही. शरद ऋतू आला की शाळा ओस पडत. विद्यार्थी, शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिकासुद्धा सरकारी हुकमाने कापूस वेचायला पाठवल्या जात. खोलाची शिक्षिका असलेली सून फुटक्या बोटांनी घरी आलेली मी पाहिली आहे. ही पद्धतशीर सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. २०१७ मध्ये चलनावरचे निर्बंध सैल झाले, २०१८ मध्ये भारतीयांना ई-व्हिसा मिळू लागला, हेही चांगलंच झालं. माणसं आज मोकळेपणाने बोलतात. माझी तक्रार गावाच्या बदलण्याबद्दल नाही.

माझी तक्रार २०१४ बद्दल आहे. त्या वर्षी शहरिसब्जच्या पुनर्बांधणीचा सरकारी कार्यक्रम निघाला आणि पाहता पाहता जुन्या गावाचा मध्यच पाडून टाकला. आक-सरायपासून दक्षिणेच्या मशिदी-कबरींपर्यंत मध्ये येणारे मोहल्ले भुईसपाट झाले. त्या जागी फरसबंदी रस्ते, कारंजी, हिरवळ आणि दोन्ही कडांना एकसारखी दुकानं आली. घरं गेली तशी माणसं नव्या इमारतींत गेली. खोलाचं अंगण जिथे होतं तिथे आज हिरवळीचा तुकडा आहे. ती वाचली, पण तिसऱ्या मजल्यावर. तिथे तंदूर नाही, मांडव नाही आणि शेजारणींना बसायला जागा नाही. तिने पुढे सुई हातात घेतली नाही.

हे सगळं कुणासाठी? तर पर्यटकासाठी. युनेस्कोने २०१६ मध्ये धोक्याच्या यादीत नाव घालताना जे कारण दिलं, ते पर्यटनाच्या सोयींचा अतिरेक हेच होतं. जागतिक वारशाचा दर्जाच मुळातून काढून घ्यावा का, इथवर पुढे विचार गेला. एका सरकारी माणसाने मला तेव्हा ऐकवलं होतं, "मातीची घरं होती ती. लोकांना फ्लॅट मिळाले. तुम्हा परदेशी लोकांना गरिबी बघायची हौस असते." त्या वेळी मी गप्प राहिलो, कारण माझ्या बोलण्याचा त्रास यजमानांना झाला असता. आज उत्तर देतो. त्या घरांना नळ हवे होते, सांडपाण्याची सोय हवी होती, छतं दुरुस्त करून हवी होती. हे सगळं भिंती न पाडता करता येतं. ते केलं असतं तर माणसांची सोयही झाली असती आणि गावही राहिलं असतं. गरिबी हटवण्यासाठी कारंजी बांधावी लागत नाहीत.

आणि हे खूळ एकट्या उझबेकिस्तानचं नाही. समरकंदमध्ये पर्यटकांच्या रस्त्यालगत भिंती घालून मोहल्ले झाकले. आपल्याकडे २०११ मध्ये हंपीच्या विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातून राहती माणसं उठवली. पंढरपूरच्या कॉरिडॉरचा विषय निघाला की तिथल्या वाड्यांत राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, तो उगीच नाही. देवळापुढची किंवा राजवाड्यापुढची घरं म्हणजे अडगळ, ती काढली की वास्तू खुलून दिसते, ही समजूत मुळातच खोटी आहे. शहरिसब्जमध्ये ती आजमावून पाहिली. आक-सराय आज मोकळ्या मैदानात उभा आहे आणि लोक अर्ध्या तासात परत फिरतात.

तरी गाव पुरतं गेलेलं नाही. बागेच्या कडेच्या दुकानांमागे, नव्या भिंतींच्या पलीकडे काही मोहल्ले अजून नांदते आहेत. तिथे पाट वाहतो आणि सकाळी तंदुरातून रोट्या निघतात. काही घरांत प्रवाशांना उतरायला खोल्या मिळतात. सहल कंपन्या समरकंदहून सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणतात, त्यामुळे या घरांपर्यंत कुणी पोचत नाही आणि ती राखण्यात त्या लोकांना काही मिळकतही उरत नाही. तुम्ही उझबेकिस्तानला जाणार असाल तर शहरिसब्जसाठी निदान एक रात्र मागून घ्या. ती हॉटेलात नको, अंगण असलेल्या घरात काढा, आणि दोप्पी घ्यायची झाली तर ती भरणाऱ्या बाईच्या हातून घ्या.