'केयी' म्हणणारे मूल

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात तिसरीच्या मुलांपुढे 'राधाने केळी आणली' एवढेच वाक्य ठेवावे आणि कान देऊन ऐकावे. एखादे मूल 'रध न कळ' असे काहीतरी वाचते; अक्षरे येतात, पण काना, मात्रा, वेलांटी नजरेतून निसटतात. दुसरे 'रा... धा... ने...' करत शेवटपर्यंत बिनचूक पोचते, पण कोणी काय आणले असे विचारले की गप्प बसते, कारण सगळा जीव अक्षरे जुळवण्यातच गेलेला असतो. तिसरे 'के' दिसताच 'केस' म्हणून मोकळे होते. चौथे सरळ वाचते, 'राधानं केयी आनली'. चौघांच्याही नावापुढे 'वाचन कच्चे' हा एकच शेरा पडू शकतो. मागे पडलेल्या मुलांसाठी कोणता उपाय निवडावा, याचे उत्तर माझ्या मते या चार वाचनांतल्या फरकात आहे. उपक्रमाचे नाव त्यानंतर ठरवावे.

चौथ्या मुलापासूनच सुरुवात करतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. या मुलाने छापील शब्द ओळखला आणि घरच्या बोलीत उच्चारला. काय आणले, असे विचारून पाहावे. उत्तर आले तर त्याला वाचनाचा उपाय नको, भरपूर पुस्तके हवीत. दहा वेळा 'केळी' म्हणायला लावले तर ते फक्त तोंड उघडायला भिऊ लागेल. प्रमाण उच्चार शिकवावा, पण तो भाषेच्या तासाला, वाचनातली चूक म्हणून नव्हे. पहिल्या मुलाची गरज अगदी वेगळी. मराठीत स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, उजवीकडे बसतात. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर येतो. अख्खी बाराखडी चालीवर घोकून ही गुंतागुंत सुटत नाही, कारण चाल पाठ होते आणि नजर कागदावर ठरतच नाही. तिथे 'कळी, काळी, केळी' शेजारी मांडून फरक दाखवावा लागतो. दुसऱ्याला तोच सोपा मजकूर सोबतीने पुन्हा पुन्हा वाचायला हवा आणि वाचनाबरोबर बोलणेही हवे. तिसऱ्याला 'केस, केळी, केर' एकत्र देऊन शब्द शेवटपर्यंत बघायची सवय लावावी.

'असर' या ग्रामीण शिक्षण-सर्वेक्षणातली वाचन-चाचणी 2005 पासून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मूल कुठे आहे ते सांगते. 2024 च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीची 23.4 टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ही चाचणी मोलाची आहे. पण ती पायरी सांगते, अडण्याचे कारण सांगत नाही. पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा झाला. तिथे दिसले ते असे की वर्गाचा बहुतेक वेळ लिपी शिकवण्यात जातो, अर्थाला जागा उरत नाही, आणि तरीही अनेकांची लिपी पक्की होत नाही. अक्षरे आधी की अर्थ आधी, या जुन्या वादाचे उत्तर मला यातच दिसते: दोन्ही रोज हवेत, प्रमाण मात्र मुलागणिक बदलायला हवे.

दोन शिक्षक आणि चार वर्ग असताना हे जमायचे कसे, हा आक्षेप खरा आहे. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना नुसते साहित्य आणि प्रशिक्षण दिले, तेव्हा वाचनात फरक पडला नाही. हरियाणात मात्र सरकारी शिक्षकांनीच रोजचा एक तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून, पातळीनुसार गट केले आणि हिंदी वाचन सुधारले. म्हणजे तो तास वेळापत्रकात राखीव असला पाहिजे आणि त्या तासाला शिक्षकाकडे दुसरा कागद येता कामा नये. ही जबाबदारी प्रशासनाची आहे. गट केल्याने मुलावर 'ढ' असा शिक्का बसतो, ही भीतीही खोटी नाही. गट वर्षभर तोच राहिला की शिक्का बसतोच. म्हणून गट त्या तासापुरता असावा आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा ऐकून बदलावा. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा आईबापांच्या स्थलांतरात शाळा बुडालेल्या मुलाचे वाचन तर दिवाळीनंतर नव्याने ऐकायलाच हवे. जूनमधली नोंद तेव्हा कामाची नसते.

केनवड परिसरातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. या आठवड्यात मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटे एकट्याने वाचायला लावा, मध्ये टोकू नका, आणि ते जसे वाचते तसेच वहीत उतरवून घ्या. त्यात 'केयी' वाचणारे, पण अर्थ नीट सांगणारे मूल सापडले, तर त्याचे नाव मागे पडलेल्यांच्या यादीतून आजच काढा.