दारातली चांदी-निलगिरी: गोल पान हवं तर कात्री हवी



लग्नाच्या सजावटीत दिसणारी गोल, चंदेरी पानांची निलगिरी बऱ्याच जणांना दारात लावायची असते. जात बहुतेक युकॅलिप्टस सिनेरिया, मूळची ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या थंड पठाराची. लावा, पण एक समजून घ्या. ती गोल पानं म्हणजे झाडाचं लहानपण. मोकळं वाढू दिलं की पानं लांबट होत जातात, बांधावरच्या निलगिरीसारखी, आणि शेंडा घराच्या वर जातो. मग रोपवाल्याला बोल लावू नका!

यावर छाटणी हाच उपाय. पहिली दोन वर्षं बुंधा धरू द्या. नंतर दरवर्षी थंडी सरताना वीत-दीड वीत खोड ठेवून वरचं सगळं कापा. जीव धजत नाही, ठाऊक आहे. पण बुडातून येणारे नवे फुटवे गोल पानांचेच असतात. फुटवे येईपर्यंत पाणी बेतानं द्या.

उंच रोपाला भुलू नका, वीतभराचंच घ्या. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली असतील तर नकोच, असं झाड पुढे वाऱ्यानं कलंडतं. काळ्या जमिनीत उंचवटा करून लावा, पावसाचं पाणी बुडाशी साचलं की मुळं कुजतात. भिंत, विहीर आणि विजेच्या तारेपासून लांब. झाडाखाली मेथी-कोथिंबीर टाकाल तर बियाणं वाया जाईल. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी तुटू देऊ नका.