दहा राग आणि डिस्कोचा ठोका

लग्नसराई आली की धडगाव असो की शहादा, गावोगावी डीजे दणाणतो. मागच्या मीटिंगला हप्ते गोळा झाले तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "मशीनच्या वाजण्यात जीव कुठे असतो? ढोलाला हात लागतो." आम्ही वाद घातला नाही. मोबाइलवर चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड लावली.

चरणजीत सिंग मुंबईचे वादक. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन यांच्याकडे ते गिटार आणि कीबोर्ड वाजवत. त्यांचं वाजवणं तुम्ही ऐकलं असेल, नाव मात्र नसेल. सिनेमाच्या पाटीवर वादकांची नावं क्वचितच यायची. स्वतःच्या नावानं त्यांनी सिनेगीतांच्या नुसत्या धुना वाजवलेल्या रेकॉर्डही काढल्या. त्या गोड आहेत, पण ओळखीच्या वाटेच्या.

1982 ची रेकॉर्ड वेगळी. 'कुर्बानी'नंतर सिनेमात डिस्कोची लाट होती. चरणजीतजींनी डिस्कोचा ठोका घेतला आणि त्यावर दहा राग वाजवले. सुरुवातच भैरवीनं. मैफलीत जी शेवटी येते, ती इथे पहिली!

मशीन तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीच्या. एक ठोक्याची. तिला ओळीनं 16 बटणं. जे बटण दाबाल तिथे ठोका पडतो, आणि थांबवेपर्यंत तोच फेरा फिरत राहतो. रांगोळीचे ठिपके मांडावेत तसं समजा. दुसरा मोठा कीबोर्ड, सुरांसाठी. तिसरी छोटी पेटी, एकट्या गिटारवाल्याला खालच्या सुरांची साथ मिळावी म्हणून काढलेली. ती फारशी चालली नाही, कंपनीनं काही वर्षांत बंद केली. पण तिच्यात एक गुण होता. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत जाते. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात. हार्मोनियमला ती जमत नाही, या पेटीला जमली. कुठे घसरायचं हे मात्र माणसानंच ठरवायचं, आजी!

रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी तीच पेटी पिळून नवं नाचाचं संगीत काढलं, त्याला 'ॲसिड हाऊस' म्हणतात. 2002 मध्ये एका डच संग्राहकाला चरणजीतजींची रेकॉर्ड दिल्लीत सापडली. त्यानं मुंबईत त्यांना शोधून काढलं आणि 2010 ला ती पुन्हा छापली. काहींना तर ही बनावट वाटली, 1982 ला असं कोण वाजवणार? काही म्हणू लागले, ॲसिड हाऊस यांनीच शोधलं. आम्हाला ते जास्त वाटतं. शिकागोची पोरं आपल्या वाटेनं गेली, हे आपल्या. पण सत्तरीत त्यांना युरोपात वाजवायला बोलावणं आलं, हे खरं. 2015 मध्ये ते गेले.

हे ऐकताना आम्हाला आमचाच मोबाइल आठवला. होळीला पाड्यावर म्हाताऱ्या बायांची गाणी आम्ही रेकॉर्ड केली होती. उघडून पाहिलं तर फाइलला नुसते आकडे. कोणी गायलं, कुठल्या पाड्यावर, काहीच नाही. दोन आवाज तर आम्हालाही ओळखू येईनात. त्यातली एक बाई आता नाही. म्हणून या महिन्यापासून गटाच्या वहीत मागच्या पानावर गाण्यांची यादी सुरू केली आहे. आधी गाणारीचं नाव, मग पाडा, मग तारीख.

आजींनी मेघ मल्हार दोनदा लावायला लावला. म्हणाल्या, "ठोका डीजेचाच आहे. पण वर पाऊस आहे खरा."