माणदेशाच्या धुळीत टिकलेली सॅक

माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये १९९०च्या दशकात बातमीदाराची बॅग म्हणजे खांद्यावरची शबनम. बातमी हाताने लिहायची, फोटोचा रोल डबीत घालायचा, दोन्ही एका पाकिटात बंद करून साताऱ्याच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचं. पलीकडे स्टँडवर कार्यालयाचा माणूस ते पाकीट उतरवून घ्यायचा. कॅमेरा यशिका नाहीतर झेनिट, तोही त्याच्या कातडी खोळीत. शबनमवर भार असा नव्हताच. बंद तुटला तर गाठ मारायची आणि चालू लागायचं.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं वेगळं होतं. पॅनासोनिकचा एम-९००० हा खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा त्या काळात महाराष्ट्रभर लग्नांत फिरत होता. त्याच्यासाठी प्लायवूडची पेटी असे, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला, आत गादीवाल्याकडून कापून आणलेला फोम. जीपच्या टपावर दिवसभर आदळत आली तरी आतला कॅमेरा शाबूत. पण ही पेटी पाठीवर घेता येत नव्हती, आणि वाड्या-वस्त्यांवर जायचं तर पाठच कामाला येते.

त्या शबनमपासून आजच्या लॅपटॉपच्या सॅकपर्यंत इथल्या खांद्यांवर काय काय आलं, त्यातलं काय टिकलं, हे मी जवळून पाहत आलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पुण्या-मुंबईच्या पावसासाठी बेतलेली सॅक माणमध्ये टिकेलच असं नाही. तिकडे बॅग घेताना पहिला प्रश्न पाण्याचा असतो. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यातलाही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धो धो येऊन जाणारा. बाकीचे महिने ऊन आणि फुफाटा. इथे बॅग धुळीशी झुंजते.

महत्त्वाची चीजवस्तू रोज पाठीवर किंवा काखेत घेऊन फिरायची सवय या गावाला लावली ती बायकांनी. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडला उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, म्हणाल्या. परवाना मिळाला. बँकेच्या बायका बाजारात आणि दारोदार फिरून रोजची बचत गोळा करू लागल्या. आधी काखेत कापडी पिशवी, तीत वही, पावतीपुस्तक, रोकड. पुढे हातातली मशीन आली, अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रं आली आणि पिशवी पुरेना. मशीन आदळून चालत नाही, तिची काच घासून चालत नाही. त्यातच रोकड पाठीमागे ठेवायला कुणी बाई तयार होईना. त्यामुळे छातीवरून आडवा पट्टा घेऊन पोटाशी येणारी बॅग त्यांनी पसंत केली. गर्दीत किंमती वस्तू डोळ्यांसमोर हवी, हे आज कॅमेरावाले सांगतात. म्हसवडच्या बाजारात ते आधीच ठरलेलं होतं.

२००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ वर सुरू झालं. रेकॉर्डर आणि माईक घेऊन गावोगाव जाणं आलं. ही यंत्रं हलकी, पण त्यांचं दुखणं नाजूक. माईकच्या जाळीत धूळ बसली की आवाज घोगरा होतो, वायरीची पिन मळली की खरखर सुरू. तेव्हापासून माझी एक सवय आहे: बॅग कितीही चांगली असो, आत प्रत्येक यंत्र वेगळ्या सुती फडक्याच्या पिशवीत. प्लास्टिकची पिशवी नको, उन्हात तिच्या आत घाम धरतो.

त्याच सुमारास कॅनन ५डी मार्क २ आला, फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्रण होऊ लागलं. काही वर्षांत लग्नाच्या शूटिंगवाल्यांची पेटी गेली आणि पाठीवर सॅक आली. बातमीदारांकडे लॅपटॉप आले, इंटरनेटचे डोंगल आले, एसटीतलं पाकीट बंद झालं. मुंबईच्या मदनपुरा, धारावीसारख्या भागांतल्या कारखान्यांत शिवलेल्या सॅक तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या होत्या. वरून सगळ्या सारख्याच दिसायच्या: काळ्या, फुगीर, पुढे चार कप्पे. फरक कळायचा उन्हाळा गेल्यावर.

सॅक कापडाने क्वचित जाते. आधी जातो तो चेनचा रनर. रनर म्हणजे चेनवरून पुढे-मागे सरकणारा तुकडा. धुळीचे कण दात्यांत बसतात, रनर त्यांना रगडत पुढे जातो, आतून झिजतो आणि सैल पडतो. मग चेन लावली की मागून उघडत येते. दात सगळे जागेवर असतात, तरी लोक म्हणतात चेन गेली. पकडीने रनरच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या तर ती पुन्हा धरते, काही महिने निघतात. त्यानंतर रनर बदलायचा, आख्खी चेन नव्हे. चेन सुरळीत चालावी म्हणून कुणी मेणबत्ती घासतं, कुणी खोबरेल लावतं. खोबरेल तर आमच्या भागात लावूच नये, त्यावर धूळ चिकटते आणि लापशी होते. जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडावं. चेनवर आकडे असतात, ५, ८, १०. आकडा वाढेल तशी चेन रुंद. लॅपटॉपच्या मुख्य कप्प्याला ८च्या खालची चेन मी घेत नाही. जपानच्या वायकेकेची चेन असेल तर उत्तम, तिचं नाव रनरवर कोरलेलं असतं.

दुसरी जागा खांद्याच्या पट्ट्याच्या मुळाशी. सगळा भार तिथे लोंबतो. सॅक उलटी करून आतली शिवण पाहावी: पट्टा पाठीच्या कापडात नुसता खोचून एक टीप मारली आहे, की खाली दुहेरी कापड लावून चौकोनी शिलाई आणि त्यात फुली आहे? फुलीवाली सॅक वर्षानुवर्षं तगते. एका टिपेची सॅक एसटीच्या दारात ओढाताण झाली की हातात येते. दुकानदार आत हात घालू देत नसेल तर मी पुढच्या दुकानात जातो.

कापडाबद्दल जाहिरातीत एक आकडा सांगतात, डेनिअर. नऊ हजार मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितकं ते सूत डेनिअरचं. म्हणजे आकडा मोठा तितकं सूत जाड. ६००चं पॉलिएस्टर सर्रास मिळतं, हजार डेनिअरचं नायलॉन महागड्या बॅगांत येतं. झिजेला नायलॉन जास्त चिवट, यात वाद नाही. पण सततच्या उन्हात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतं, हे विकणारा सांगत नाही. ज्याची सॅक मोटारसायकलच्या टाकीवर नाहीतर रानात बांधावर तासन्‌तास उन्हात पडते, त्याने जाड विणीचं पॉलिएस्टर घेण्यात काही कमीपणा नाही. रेक्झीन मात्र कधीच नको. आमच्या उन्हात ते आधी कडक होतं, मग घडीवर तडकतं, आणि मोची त्याला टाका घालायला गेला की टाक्याच्या भोकांवरच फाटतं.

खऱ्या कसोटीचे उन्हाळे तीन. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उभारली. जनावरांच्या खुरांनी उडणारी माती, चाऱ्याचा भुसा, सगळं हवेत. पत्रकार, फोटोग्राफर बाहेरून येत होते, त्यांच्या सुंदर परदेशी बॅगा संध्याकाळी मातीच्या रंगाच्या झालेल्या असत. मग २०१८ची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा. एप्रिल-मे महिन्यांत गावंच्या गावं समतल चर खोदत होती, आणि त्या वर्षी माण तालुक्यातल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक काढला. श्रमदानाच्या चित्रणासाठी माळांवर कॅमेरे आणि ड्रोन फिरत होते. ड्रोन उडताना आणि उतरताना स्वतःच धुरळा उडवतो. उघडी सॅक जवळ ठेवली की लेन्सच्या कप्प्यात मातीचा थर. २०१९ला पुन्हा छावणी. त्या काळात मी एक गोष्ट हेरली. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक सर्वांत कमी मळते. पुढून उघडणारी सॅक खाली ठेवताना पाठीची बाजू मातीला लागते आणि पुन्हा पाठीवर घेतली की ती माती सदऱ्याला. पाठीकडून उघडणारी सॅक पोटावर निजवता येते, खांद्याचे पट्टे वर राहतात. चोरट्यालाही पाठीची चेन गर्दीत सापडत नाही.

आणि म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. कॅमेऱ्याचा याहून मोठा उत्सव नाही आणि याहून मोठी परीक्षाही नाही. गुलाल धुळीपेक्षा बारीक. तो चेनच्या दात्यांतून गाळल्यासारखा आत जातो, लेन्सच्या रिंगमध्ये बसतो, घामाच्या हाताने लागला तर कापडाचा रंग कायमचा गुलाबी. खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा उघड्या कप्प्यात पडला तर त्याचं तेल आतल्या अस्तराला डाग पाडतं. इथे चेनपेक्षा झाकणाची बॅग सरस ठरते. अमेरिकेत फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनी १९७०च्या दशकात कामाच्या सोयीसाठी जाड सुती कॅनव्हासची मऊ बॅग बेतली. तिच्या मुख्य कप्प्याला चेन नाही, वरून मोठं झाकण आणि धातूच्या कड्या. आमच्या गुलालाला तिचंच तत्त्व लागू पडतं. झाकण खाली लोंबेल इतकं लांब असलं की उधळण वरून घसरून जाते. माझ्या एका सॅकला मी शिंप्याकडून असं झाकण लावून घेतलं, खाली बक्कल. रथाच्या दिवशी तीच.

करोनाच्या वर्षांत शाळा मोबाइल-लॅपटॉपवर आली आणि सॅक घराघरात गेली. आता म्हसवडहून पुण्याला, कराडला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या पाठीवर लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, हेडफोन. त्यांच्या आईवडलांना मी पहिल्यांदा लॅपटॉपच्या खणाचं बूड चाचपायला सांगतो. खण सॅकच्या तळापर्यंत गेलेला नको. दोन बोटं वर अधांतरी शिवलेला हवा. सॅक एसटीत पायाशी धपकन ठेवली की तळाला लागलेल्या लॅपटॉपचा कोपराच फरशीवर आपटतो. दुकानात वही घालून पाहिली की हे लगेच कळतं. लॅपटॉप नुसता मिटून आत टाकू नये, पूर्ण बंद करावा; फोमच्या बंदिस्त कप्प्यात चालू राहिलेलं यंत्र तापून बॅटरीला दगा देतं.

कॅमेऱ्यासाठी खास सॅक घ्यावीच असं नाही. फोमचा सुटा खण मिळतो, तो साध्या दणकट सॅकमध्ये बसतो, आणि काम नसेल तेव्हा काढून ठेवता येतो. कॅमेऱ्याची सॅक म्हणून दुरून ओळखू येणारी वस्तू प्रवासात नसलेली बरी.

किमतीपेक्षा मला दुरुस्तीची काळजी जास्त. हमीपत्र काही वर्षांचं असतं, पण त्यासाठी सॅक मोठ्या शहरात पाठवायची आणि आठवडे वाट पाहायची, तोवर लॅपटॉप कशात न्यायचा? त्यापेक्षा ज्या सॅकचा रनर, बक्कल आणि पट्टी साध्या मापाची आहे, ती आमच्या आठवडा बाजारातला मोची बसल्या जागी उभी करतो. आरीने भोक पाडून मेण लावलेला नायलॉनचा दोरा तो दोन्ही बाजूंनी ओढतो, तो टाका कारखान्याच्या शिलाईपेक्षा जास्त धरतो. विचित्र आकाराची बक्कलं, आत लपवलेल्या चेनी, चिकटवलेले सांधे त्याच्या हाताबाहेरचे. म्हणून सॅक घेताना मी मनात त्याला विचारतो.

राहता राहिला रंग. काळी सॅक मळकी दिसत नाही म्हणून सगळे काळीच घेतात. चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलवरच्या काळ्या सॅकमध्ये हात घालून पाहा. पॉवर बँक, ड्रोनच्या बॅटऱ्या, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळ्या लिथियमच्या, आणि त्यांना उष्णता सोसत नाही. फुगलेल्या बॅटऱ्या मी इथे उन्हाळ्यातच पाहिल्या आहेत. माण भागात राखाडी किंवा मातकट सॅक घ्यावी. मळली तर मळली, पाण्याने धुता येते.