वितळतार : मोटारगाडीची मूक राखणदार

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चितांचा अग्नी अहोरात्र धगधगत असतो. अहल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, मोटारगाडी त्यांत शिरूच शकत नाही. सरणाची पुष्कळशी लाकडे नावांतून येतात. आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शव व आप्तमंडळी घेऊन येणाऱ्या लहान मालमोटारी, ज्यांना चालक ‘पिकअप’ म्हणतात, बाहेरच्या रस्त्यावरच थांबतात. तेथून तिरडी खांद्यावरून न्यावी लागते. अशी गाडी कित्येकदा जुनी असते आणि तिला रात्रीअपरात्री दूरचा पल्ला गाठावा लागतो. वाटेत तिचे दिवे एकाएकी मालवले, तर आत बसलेल्या सर्वांचाच जीव धोक्यात येतो. या अंधाराच्या मुळाशी पुष्कळदा बोटाच्या पेराएवढी एक वस्तू असते : वितळतार, म्हणजेच फ्यूज.

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तिच्यात उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये दाखवून दिले. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दसपट झाला तर शंभरपट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि पुढचे दोन दिवे प्रत्येकी ६० वॅटचे असतील, तर त्यांना मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो. परंतु तारेचे वेष्टन घासून तांबे उघडे पडले आणि ते गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकले, तर प्रवाह दिव्यांत न जाता आडवाटेने बॅटरीकडे परततो आणि काही शे अँपिअरपर्यंत वाढतो. तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. वेष्टनाचे प्लॅस्टिक मात्र शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि पुढे पेट घेते. म्हणून मंडलात एक दुवा मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. तो आधी वितळतो, मंडल तुटते आणि बाकीच्या तारा वाचतात. तात्पर्य, वितळतार जळणे हा बिघाड नव्हे. ती बिघाडाची सूचना होय.

जुन्या गाडीत वितळतारांची पेटी बहुधा चालकासमोरील फळीखाली किंवा इंजिनाच्या कप्प्यात असते. कोणती वितळतार कशासाठी, हे पुष्कळदा झाकणावर लिहिलेले आढळते. प्रथम गाडी बंद करून बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवावी. मग संबंधित वितळतार काढून उजेडात पाहावी. काचेच्या नळीतील तार मध्येच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल, तर मंडलावर थोडा अधिक भार पडला असावा; काचेवर काळसर, चंदेरी लेप दिसला, तर तार कोठेतरी सांगाड्याला भिडली असण्याचा संभव अधिक. १९७० च्या दशकात प्रचारात आलेल्या चपट्या, दोन पात्यांच्या वितळतारांत रंगावरून क्षमता कळते : १० अँपिअरला लाल, १५ ला निळा, २० ला पिवळा, ३० ला हिरवा. नवी वितळतार नेमकी जुन्याच क्षमतेची असावी. पकडीवर गंज चढला असेल, तर तो खरवडून काढावा. कारण सैल किंवा गंजलेली पकड स्वतःच तापते.

नवी वितळतारही तत्काळ जळली, तर तिसरी बसवण्यापूर्वी दोष शोधणे अगत्याचे आहे. तारा पत्र्याच्या भोकांतून जेथे आत येतात ती जागा, मागच्या दिव्यांकडे सांगाड्याच्या कडेने जाणाऱ्या तारा आणि नंतर जोडलेले जादा दिवे, ही स्थळे आधी तपासावीत.

घाईच्या वेळी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून किंवा जाड तार अडकवून काम भागवण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. दिवे लागतात खरे. परंतु आता मंडलातील सर्वांत दुबळा दुवा वितळतार राहिलेली नसते, तर फळीमागची लांबलचक तार तो होऊन बसते. पुढच्या वेळी तीच जळते, आणि तिच्यालगत इंधनाची नळी किंवा आसनाचा काथ्या असू शकतो. प्रत्येक क्षमतेच्या दोन वितळतारा गाडीत बाळगण्यास फारसा खर्च येत नाही. हा अल्प खर्च ज्याने टाळला, त्याने आपल्या उतारूंची राखणच काढून घेतली असे म्हणावे लागेल.