पनवेलहून न्यूयॉर्कची वाट उत्तरेकडे

२५ डिसेंबर २०२५ ला पनवेलजवळच्या उलव्याच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. पनवेल-खारघरमधल्या कितीतरी आईवडिलांची मुलं न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत असतात. तिथपर्यंतचं अंतर आकड्यांत मांडायला बसलं की मती गुंग होते.

पनवेल ते न्यूयॉर्क, जवळात जवळच्या मार्गाने, सुमारे १२,५५० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मोठं विमान ताशी ९०० किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. कळंबोलीहून सुरू होणारा ९४.५ किलोमीटरचा पुणे द्रुतगती मार्ग त्याला सहा-साडेसहा मिनिटांचा. तरीही न्यूयॉर्क गाठायला हिशेबाने चौदा तास लागतात.

पण खरी गंमत वाटेत आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. ती सरळ दिसणारी वाट भरते जवळपास १४,२०० किलोमीटर! आता घरातला पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेला सरकतो: तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशेजारून लॅब्राडोर. नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट सोळाशे किलोमीटरने जवळची. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून डोळा फसतो.

प्रत्यक्षात वैमानिकाला हा दोरा जसाच्या तसा पकडता येत नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, तेव्हा वळसा आलाच. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि प्रवास सोळा तासांच्या घरात जातो. परतताना तेच वारे पाठीशी असतात, वेळ वाचतो.

आता वजन बघा. बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत १,८१,२८० लिटर इंधन मावतं, म्हणजे साधारण १४५ टन. उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन जास्तीत जास्त ३५१ टन चालतं. टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले चाळीस टक्के नुसतं इंधन! त्यातला बराचसा भाग उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतो. अंतर जसं वाढतं तसा हा बोजा वाढत जातो, आणि मला या साऱ्या हिशेबात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर न्यूयॉर्कपेक्षाही लांब, सुमारे १३,५०० किलोमीटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने जवळजवळ तेवढंच अंतर, १३,५६० किलोमीटर, कुठेही न उतरता कापलं. अलास्का ते टास्मानिया, अकरा दिवस, खाणंपिणं काही नाही. हे पक्षी निघण्याआधी इंधन म्हणून इतकी चरबी साठवतात की वजनाचा निम्मा भाग तिचाच होऊ शकतो, आणि पोटातली पचनाची इंद्रियं आक्रसून घेतात. त्या पक्ष्याचं वय तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचं होतं.