सरोवराच्या तळातून पुन्हा पाण्यावर

८ मार्च २००१ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरातून निळ्या रंगाची एक मोडकी बोट वर काढण्यात आली. सुमारे ४५ मीटर खोल पाण्यात ती ३४ वर्षे पडून होती. तिचे नाव ‘ब्लूबर्ड के-७’. ऑगस्ट २०१८ मध्ये हीच बोट स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरील लॉक फॅड या सरोवरात जेट इंजिनाच्या जोरावर ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली. इतकी वर्षे पाण्यात राहिलेल्या, वाकलेल्या धातूवर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शाळेत शिकलेले भौतिकी आणि रसायन पदोपदी उपयोगी पडते.

पाण्याला जेमतेम टेकणारी बोट

पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते. म्हणून वेगवान बोटीचा खरा शत्रू पाण्याचा विरोध. केन आणि ल्यू नॉरिस या बंधूंनी ‘ब्लूबर्ड’ची रचना करताना यावर तोड काढली. पुढे दोन बाजूंना दोन तरंगक आणि मागे बोटीचा तळ, अशा तीनच ठिकाणी ही बोट वेगात असताना पाण्याला टेकते. बाकीचे अंग हवेत असते. अशा बोटीला ‘हायड्रोप्लेन’ म्हणतात.

डोनाल्ड कॅम्पबेल यांनी जुलै १९५५ मध्ये या बोटीतून ताशी सुमारे ३२५ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. ३१ डिसेंबर १९६४ रोजी ऑस्ट्रेलियातील डंबलयंग सरोवरात त्यांनी ४४४ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. हा त्यांचा ‘ब्लूबर्ड’मधील सातवा जलविक्रम. पुढे १९६६ मध्ये बोटीत ‘ऑर्फियस’ हे अधिक शक्तीचे जेट इंजिन बसविण्यात आले. ते ‘नॅट’ विमानातले होते. आपल्या वायुदलाची नॅट विमाने आणि ‘मरुत’ विमाने याच जातीच्या इंजिनांवर उडत असत. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ही इंजिने तयारही होत. त्यांचा रेटा सुमारे दोन हजार किलोग्रॅम वजनाइतका असे.

आता एक छोटे गणित करू. हवेचा उचलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ३२५ वरून ५२८ झाला, तर तो १.६२ पट होतो. पण हवेचा जोर १.६२ चा वर्ग, म्हणजे सुमारे २.६ पट होतो. नाक थोडे वर झाले की बोटीखाली जास्त हवा शिरते आणि नाक आणखी वर जाते. ४ जानेवारी १९६७ रोजी असेच झाले. दुसऱ्या फेरीत ताशी सुमारे ५२८ किलोमीटरपर्यंत पोचलेली ‘ब्लूबर्ड’ हवेत उलटली आणि कॅम्पबेल मृत्युमुखी पडले. पाण्यावरील लाटा, इंजिनाचा रेटा थांबणे अशी एकाहून अधिक कारणे अभ्यासकांनी पुढे मांडली आहेत.

गंज कोठे लागतो?

बोटीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे. दोन निराळे धातू एकमेकांना चिकटले आणि भोवती पाणी असले, तर काय होते? विद्युत घट तयार होतो! अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथे अ‍ॅल्युमिनियम, हळूहळू झिजू लागतो. मात्र कॉनिस्टनचे पाणी गोडे आहे. क्षार कमी म्हणून विद्युतवहन कमी, आणि म्हणून झीजही मंद. हीच बोट समुद्रात बुडाली असती, तर एवढी शिल्लक राहिली नसती.

हातोडी, साबण आणि रंगीत द्रव

बिल स्मिथ या पाणबुड्याने बोट शोधून वर काढली. इंग्लंडच्या नॉर्थ शील्ड्स गावात त्याच्यासह स्वयंसेवकांनी तिच्यावर अनेक वर्षे काम केले. अपघातात पुढचा भाग तुटला होता, तो बराचसा नव्याने घडवावा लागला. पण जुने जेवढे वाचेल तेवढे वाचवायचे, असा त्यांचा नेम होता.

चेपलेला पत्रा नुसता ठोकून सरळ होत नाही. ठोकताना तो कठीण होत जातो आणि शेवटी तडकतो. म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. येथे एक अडचण येते. लोखंड तापले की लाल होते, अ‍ॅल्युमिनियम मात्र रंग न बदलता एकाएकी वितळते. पत्राकाम करणारे कारागीर यावर एक सोपी युक्ती करतात. पत्र्यावर साबण घासायचा. साबण काळपट झाला, की आच पुरेशी झाली असे समजायचे.

दुसरी भीती न दिसणाऱ्या तड्यांची. चहाच्या कपाला केसाएवढा तडा गेला असेल, तर चहाचा रंग त्यात शिरून रेघ उमटते, हे तुम्ही पाहिले असेल. यंत्रशाळेत हेच तत्त्व वापरतात. भागावर रंगीत द्रव लावतात, वरचा पुसून टाकतात आणि पांढरी भुकटी फवारतात. तड्यात लपलेला द्रव भुकटीत शोषला जातो आणि तडा आपोआप दिसू लागतो.

धावण्यासाठी की पाहण्यासाठी?

संग्रहालयात ठेवायच्या वस्तूचा पत्रा थोडा कमजोर असला तरी चालतो. ज्या बोटीत माणूस बसणार, तिचा प्रत्येक सांधा भार सोसण्यास समर्थ हवा. त्यासाठी काही जुने भाग बदलावे लागतात. मग ती बोट ‘तीच’ उरते का? काही जाणकारांना अपघाताच्या खुणा जशाच्या तशा जपणे योग्य वाटते. दुसरे म्हणतात की धावणारे यंत्र थांबले, तर त्याचे शास्त्र अर्धेच दिसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वर्गात यावर जरूर चर्चा करा. कॅम्पबेल कुटुंबाने २००६ मध्ये ही बोट कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयाला दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती तेथे पोचली.

करून पाहा

दोन लोखंडी खिळ्यांना अर्ध्या लांबीपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत पन्नी घट्ट गुंडाळा. एक खिळा साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात ठेवा. आठ दिवस रोज निरीक्षण करून कोठे काय घडते याची नोंद करा. कॉनिस्टनच्या गोड्या पाण्याने ‘ब्लूबर्ड’वर केवढे उपकार केले, हे तुमच्या लक्षात येईल.